वंशावळीची वर्गणी बंद केली

रत्नागिरी, मंगळवार, संध्याकाळ

वंशावळ शोधायच्या त्या वेबसाइटची वर्गणी आज बंद केली. केली खरी, पण तेव्हापासून चैन नाही.

वर्षभरात हाती काय लागलं? मी, माझ्यावर बाबा, त्यांच्यावर आजोबा आणि आजोबांच्या वर एक रिकामी चौकट. बौद्ध झाल्यावर आजोबांनी आडनाव बदललं. त्याआधीचं ते कधी बोललेच नाहीत. खेडला जाऊन जुनी दप्तरंही पाहिली. चौकट रिकामीच.

बंद करताना साइटने कारण विचारलं. ‘वेळ नाही’, ‘हवं ते सापडलं’, असले पर्याय. शेजारी चहा पीत बसलेल्या बाबांना विचारलं, काय लिहू?

“लिही, आमच्या माणसांची नोंद ठेवायला बसला होता कोण?”

तसा पर्याय नव्हता. मी ‘वेळ नाही’ निवडलं. खोटं का निवडलं, कळत नाही.

मग बाबा हळूच म्हणाले, “म्हणजे आता माझं नाव पण जाणार काय रे तिथून?”

“नाही जाणार,” म्हटलं. खरं काय ते मलाही ठाऊक नाही.

ते उठले, एक कोरी वही घेऊन आले. “यात लिही.” स्वतःचं नाव सांगितलं, आईवडिलांचं सांगितलं, आणि थांबून म्हणाले, “हौसा. माझी धाकटी बहीण. चार वर्षांची होती, तापाने गेली.”

“कधी सांगितलं नाहीत?”

“तू आजोबांच्या वरचंच विचारत होतास.”

पन्नाशीला आलो, आणि मला एक आत्या होती हे आज कळलं.