शनिवारचे अकरा बेडूक

भाऊराया,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय, घशाखाली उतरलं तर खा.

मी आठ दिवस ट्रेनिंगला गेले, तेव्हा रोज संध्याकाळी शाळेमागच्या तळ्यावर दहा मिनिटं उभं राहून दिसतील तेवढे बेडूक वहीत लिहायचं काम तुझ्यावर सोपवलं होतं. आमचा निसर्गमित्रांचा गट तीन वर्षं हेच करतोय. तू फोनवर सांगायचास, "हो ताई, आत्ताच जाऊन आलो."

काल मी स्वतः गेले. तळं मंगळवारीच बुजवलंय. वर राडारोडा आणि खालून येणारा कुजका वास. तक्रार करायला पालिकेत गेले, तर तिथल्या साहेबांनी गटाने पाठवलेले तुझेच आकडे माझ्या तोंडावर फेकले. शुक्रवारी बारा, शनिवारी अकरा, म्हणजे तळं जागेवर आहे, म्हणे. तुझी किळस आली मला. खरं वाटावं म्हणून शनिवारी एक बेडूक कमी केलास.

घरी येऊन फ्रिजवरचा बाबांच्या बीपीच्या गोळ्यांचा तक्ता पाहिला. आठही दिवस बरोबरच्या खुणा, एकसारख्या, एकाच पेनाने. बाबांना सकाळचं दुपारी आठवत नाही, त्यांना काय विचारणार? मग गोळ्यांचा डबा उघडला. जाताना ठेवलेलं पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. आज सकाळपासून त्यांची जीभ जड झालीय.

बाबा कसे आहेत ते बघायला येऊ नकोस. घरबसल्याच लिहून टाक.

ताई