तुमच्या पेपरची मुलगी आमच्या लाँड्रीत

ती. भावोजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. इकडे देवाच्या दयेने सगळे बरे आहोत. एक माझा गुडघा तेवढा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झाला आहे. ताईचा खोकला कसा आहे? तिला गार पाणी पिऊ देऊ नका (ती ऐकणार नाही; पण सांगितल्याचं पुण्य मला मिळू द्या).

तुम्ही पेपरात नवा नियम केलात, की उमेदवार पत्रकाराने आधी दोन आठवडे कमी पगाराची अंगमेहनत करायची आणि तिथल्या मालकाने ‘काम नीट केलं’ असं कळवलं तरच त्याला कायम करायचं. त्याप्रमाणे तुम्ही पाठवलेली मुलगी माझ्या लाँड्रीतून काल मोकळी झाली. तिची नोकरी माझ्या शब्दावर अडली आहे, म्हणून जपून लिहितो. काम तिने मनापासून केलं. ‘नीट’ म्हणालो तर देवासमोर हात कसे जोडू?

पहिल्याच सकाळी तिने इस्त्रीवाल्याला विचारलं, इस्त्री करताना तुमच्या मनात काय येतं? बिचाऱ्याला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो प्रामाणिकपणे मनात शोधायला गेला, इस्त्री होती तिथेच राहिली, आणि हॉटेलच्या नव्या टेबलक्लॉथवर मधोमध तिचा तपकिरी ठसा उमटला. “बाई, तुम्ही विचारेपर्यंत काहीच येत नव्हतं,” एवढंच तो म्हणाला. पुढे तिने डॉक्टरांचे पांढरे कोट ऑपरेशनच्या हिरव्या चादरींबरोबर मशीनमध्ये टाकले. दवाखान्याला माफीची चिठ्ठी मीच लिहिते म्हणाली. लिहिलं काय, तर ‘काही कोटांना हिरवट छटा आल्याचे समजते, नेमके कारण कळू शकलेले नाही.’ मी म्हटलं, “पोरी, कारण इथे माझ्यासमोर उभं आहे.” ती लाजली, चिठ्ठी फाडली आणि स्वतः दवाखान्यात जाऊन बोलणी खाऊन आली. (डॉक्टर अजून तेच कोट घालतात. रोग्यांना गार वाटतं म्हणे.)

मग तिला चादरींच्या घड्यांवर बसवलं; म्हणजे उभं केलं. आमच्या मावशी (सगळ्यांच्याच मावशी, नात्याने कोणाच्याच नाहीत) एक बाजू धरतात, दुसरीने दुसरी धरायची, आणि टोकं जुळवायला एकमेकींकडे चालत यायचं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक भेटीला ही एक प्रश्न विचारायची, आणि मावशी तोंड उघडेपर्यंत पुन्हा लांब जायची वेळ यायची. दुसऱ्या आठवड्यात हिचे प्रश्नच संपले. कंबर धरून यायची, “आई गं” म्हणायची, परत जायची. तेव्हा मावशी आपण होऊन बोलू लागल्या. घरचं, दारचं, आणि मला नंतर कळलं, माझंही.

तर पत्रकारांना असं काम करायला लावावं का? मला वाटतं, लावावं. गरिबी कळेल म्हणून नव्हे. सुटकेची तारीख ठाऊक असलेल्याला ती कळत नाही. पण कंबर मोडली की माणूस गप्प होतो, आणि विचारणारा गप्प झाला की समोरच्याला बोलायला जागा मिळते. तेवढं ती शिकली. तिला कायम करावं, ही विनंती.

आपला नम्र मेहुणा

ता. क. तिने लेख लिहून मला आधी वाचायला दिला. चांगला आहे. फक्त ‘मालक सज्जन व देवभोळे आहेत, लाँड्रीतला एकमेव पंखा त्यांच्या टेबलावर आहे’ हे वाक्य गाळता आलं तर पाहा. खोटं नाही, पण पेपर ताई वाचते आणि तिचं माझ्याविषयी फार चांगलं मत आहे. एवढ्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो होतो.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी हे पत्र इस्त्रीच्या खोलीत बसून एकदा वाचलं. वरच्या ओळी फिसकटल्या आहेत तो माझा घाम. वाक्य राहू द्या. पंखा तिकडे हलवतो आहे. ताईला मी समजावीन.

ता. क. ३. निरोप घ्यायला ती आत्ता येऊन गेली. मावशींनी सहज विचारलं, पेपरवाले तुला देतात किती? तिने आकडा सांगितला. इस्त्रीवाल्याने आपला जेवणाचा डबा मुकाट्याने तिच्यापुढे सरकवला. भावोजी, कमी पगार म्हणजे काय ते कळावं म्हणून तुम्ही तिला इकडे धाडलीत, आणि इथे आल्यावर तिचा पगार वाढला. तेव्हा तिला लवकर कायम करा. नाहीतर मी करतो.