पुढच्या डाव्या चाकाविषयी कुशादादांस

ती. कुशादादा यांस,

भोईवाड्याहून विनीतचा वाकून नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुम्ही रोज सकाळी नदीपर्यंत चालत जाता असं कळलं. तीस वर्षं एसटी घेऊन घाट उतरलेल्या माणसाला पायी फिरणं कसं वाटतं, ते कळवा. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. (हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, पण पत्रात ते लागतंच.) फोन केला असता, पण तुमचा फोन तांदळाच्या डब्यावर असतो आणि तुम्ही अंगणात, म्हणून लिहायला बसलो. बसलो म्हणजे नावाला. दर चार ओळींनी उठून खिडकीतून खाली गाडी बघून येतो आहे, तेव्हा अक्षर हललं असेल तर चालवून घ्या.

तर गाडीचंच सांगायचं आहे. माझी पिकअप तुम्ही पाहिली आहे, लग्नाकार्याची भाड्याची भांडी नेते-आणते ती. दिवाळीनंतर तिच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज यायला लागला. खड्ड्यात एकदा कट्, गतिरोधकावर दोनदा कट्. मेघनाला बाजूला बसवून लालबागपर्यंत नेलं, तर म्हणाली, मागे टोप वाजतायत. टोप उतरवून रिकाम्या गाडीतून नेलं, तर म्हणाली, मग तुमच्या कानात वाजतंय. मला जेवणात चव लागेना. शेजारी कुणी पापड मोडला तरी मी चाकाकडे धावायचो.

शेवटी शीवला धर्मा मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाकाखाली पहार घालून उचलली आणि मला दाखवलं. लोखंडी वाटीत एक लोखंडी गोळी असते, तिला बॉल जॉइंट म्हणतात. चाक तिच्यावर वळतं. माझ्या वाट्या झिजून गोळ्या खुळखुळत होत्या. धर्मा म्हणाला, "विनीतभाय, गाडी आजच सोड. सुटली तर चाक आडवं पडेल." मी म्हणालो, चार लग्नं आहेत, सोमवारी सोडतो. (यावर तुम्ही जे म्हणाल, ते मी स्वतःला म्हणून झालं आहे, जास्त वाईट शब्दांत.)

शनिवारी दुपारी परत येताना इस्पितळाच्या फाटकाशी मीराबाई दिसल्या. आमच्या समोरच्या खोलीतल्या, वय शहात्तर, गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. त्यांचे यजमान गुणाजी तिथेच फिटर होते. डोळे तपासून, दोन्ही डोळ्यांत औषध घालून घेऊन उभ्या होत्या. म्हटलं, बसा, घरीच चाललोय. आमच्या गल्लीत वळलो आणि धाडकन आवाज झाला. स्टिअरिंग हातात नुसतं गरगरलं, गाडीचा डावा कोपरा खाली बसला, चाक पाय फाकल्यासारखं बाहेर गेलं. मागचा फाळका उघडून टोप, पराती, झाकणं गल्लीसमोरच्या कोर्टाच्या दिशेने निघाली. काळे कोट घातलेली वकील मंडळी काखेत झाकणं घेऊन परत येऊ लागली. मीराबाईंना औषधामुळे काही दिसत नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आलं का घर?" मी म्हणालो, आलं. "मग दार उघड. माझी बाजू खाली का गेली आहे?"

धर्मा नेमका जेजुरीला गेलेला, आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी. कुणाची रिक्षा आत येईना, कुणाचा गॅस सिलिंडर येईना. लोक खिडकीतून नुसते बघत होते, ते बोलण्यापेक्षा वाईट. म्हणून रविवारी मीच नवे जॉइंट आणले आणि फोनवर धर्माचं ऐकत कामाला लागलो. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नको, खाली लाकडाचे ओंडके लाव, हे त्याने तीनदा सांगितलं, मी सहा लावले. पण तुटलेल्या जॉइंटचा दांडा चाकाच्या कडीत असा घट्ट बसलेला की तासभर हातोडा मारून त्याच्या डोक्याचं फूल झालं. मीराबाई काळा चष्मा लावून स्टुलावर बसल्या होत्या, नुसतं ऐकत.

"डोक्यावर मारू नको रे," त्या म्हणाल्या. "तो ज्या कडीत बसलाय, त्या कडीला बाजूनं मार. पलीकडून दुसरा हातोडा टेकवून धरायला सांग. आमचे हे असंच काढायचे."

मेघनाने पदर खोचून दुसरा हातोडा धरला. तिसऱ्या घावाला दांडा टक् करून खाली पडला. मी तिथेच जमिनीवर बसलो. मीराबाई म्हणाल्या, "पडला ना? आता चहा टाका." संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंचे जॉइंट बसवले, नट आवळले, पिना घालून वाकवल्या. गुरुवारी धर्मा आला, सगळं हलवून पाहिलं, स्वतः गाडी नेऊन चाकं सरळ करून आणली आणि म्हणाला, माझ्या पोरांपेक्षा बरं केलंस. आवाज पूर्ण गेला आहे. तेव्हा काळजी नसावी. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
विनीत

ता. क. चोवीस झाकणांपैकी तेवीस मिळाली. चोविसावं कोर्टात आहे, पण मागायला जायचा धीर होत नाही.

ता. क. २. वर लिहिलं ते सगळं खरं आहे. पण धर्माने गाडी परत आणून लावली, त्याला आज अकरा दिवस झाले आणि मी ती एक फूटही हलवलेली नाही. भांडी भाड्याच्या टेम्पोने जातात, मेघनाला बॅटरी उतरली असं सांगितलं आहे. रोज सकाळी आत बसतो, चालू करतो, बाजूच्या सीटकडे बघतो आणि बंद करतो. मीराबाई शेजारी बसायला तयार आहेत, पण त्यांना परत तिथे बसवणं मला जमणार नाही. दादा, दोन दिवस या. शीवपर्यंत जाऊन येऊ. तुम्ही नुसते बाजूला बसा, बोलू नका. मेघनाला सांगा, सहज आलो.

ता. क. ३. भाऊजी, मी मेघना. पत्र पेटीत टाकायला माझ्याचकडे दिलं, आणि पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बॅटरी चांगली आहे, मला पहिल्याच दिवशी कळलं. वहिनींनाही आणा, त्या मीराबाईंकडे बसतील. पुढे तिघं मावतात, मी मधे बसणार आहे.