खेळण्याची पद्धत कळवणेबाबत

बेल्हे, संवत्सरीनंतरचा शनिवार, २००२

ती. जिजाजी घेवरचंदजी यांना पारसचा जय जिनेंद्र. गेल्या वर्षात बोलण्यातून, वागण्यातून किंवा फोन मध्येच ठेवल्यामुळे तुमचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. तुमचा खोकला कसा आहे? ताईचे गुडघे? इकडे आई ठणठणीत आहे. माझी साखर डॉक्टरांच्या मते जास्त आहे आणि आईच्या मते डॉक्टरांची फी जास्त आहे.

व्यायामासाठी टेनिस सुरू कर, हे तुम्हीच सुचवलंत. (तुमचं खेळाच्या सामानाचं दुकान आहे हा योगायोग मी मनात धरलेला नाही.) रॅकेट पाठवतो, पण आधी खेळण्याची पद्धत कळव, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मागच्या रेषेवरून लांब मारणाऱ्याला एक रॅकेट, जाळीकडे धावणाऱ्याला दुसरी; नवख्या हाताला मोठं तोंड, सरावलेल्याला लहान; शिवाय मुठीची जाडी वेगळी. आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक आधी कापड बघतं आणि मग आरशात स्वतःला. तुमच्याकडे आधी आरसा. मी तर टेनिस खेळलोच नव्हतो, मग पद्धत कुठून आणणार? ती शोधायला म्हणून मी कॉलनीवर जायला लागलो. उत्तराला उशीर झाला तो त्यामुळे.

कॉलनी म्हणजे बोरी बुद्रुकच्या रस्त्याला, कालवा खणताना इंजिनिअर लोकांसाठी बांधलेली. आता तिथे कुणी राहत नाही. खिडक्यांच्या चौकटी लोकांनी नेल्या, दारं नेली, एका घराचा जिनाही नेला. टेनिसचं मैदान मात्र काल आखल्यासारखं आहे. मुरूम दाबलेला, फक्कीच्या रेषा पांढऱ्या, जाळी ताठ. धर्माजी नावाचा वॉचमन रोज त्यावर रूळ फिरवतो. कशासाठी, असं मी विचारलं. थांबवायला कुणी सांगितलं नाही, असं म्हणाला. हे सरकारी उत्तर मला पटलं. रॅकेट त्याच्याकडेच मिळाली. जुनी, लाकडी, जोडीतली एक. दुसरी साहेबांकडे आहे म्हणाला. साहेब बदली होऊन कुठे गेले, असं मी सहज विचारलं.

"गेलं न्हाईत," धर्माजी म्हणाला. "बॉल आणाय उसात गेल्यात."

मैदानाच्या पलीकडच्या अंगाला ऊस आहे. तो त्यानंतर किती वेळा तुटून कारखान्याला गेला असेल, हे मी त्याला विचारलं नाही. समोर उभा राहून खेळशील का, एवढंच विचारलं. त्या अंगाला आपण जात नाही, तिथे जागा धरलेली आहे, असं म्हणून तो रुळाच्या दांड्यावर बसला.

मग मी एकट्यानेच पहिला चेंडू मारला. तो जाळीवरून गेला, टप्पा खाऊन उसात शिरला. आत रॅकेटची तात वाजल्याचा ठण असा आवाज झाला आणि चेंडू परत आला. मी गिऱ्हाइकासमोर कापडाचं ठाण ठेवावं तसा अदबीने मारला होता. परत आला तो डाव्या कोपऱ्यात, मला पोचता येणार नाही असा. (बिबट्या असेल असं तुम्ही म्हणाल. इकडे हल्ली सगळ्याचं उत्तर बिबट्या हेच आहे. पण त्याला माझा बॅकहँड कच्चा आहे हे कसं कळावं?) ऊस हलला नाही. वाराही नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, याबद्दल तुम्ही मला मूर्ख म्हणाल. मला पद्धत कळवायची होती. आणि खरं सांगायचं तर खेळ चांगला होत होता. सूर्य मावळायच्या आत जेवायचं असल्याने डाव रोज अर्धाच टाकून यावं लागे. मी हात वर करून "चौविहार आहे" असं उसाला सांगत असे. धर्माजीला त्यात वावगं वाटत नसे. मध्येच आईने रॅकेट पाहिली, या तारा कशाच्या म्हणून विचारलं, आणि पूर्वी त्या आतड्याच्या करत हे तिला कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून रॅकेट स्कूटरच्या शेडमध्ये खिळ्याला असते आणि मी घरात शिरण्याआधी आंघोळ करतो.

मग पर्युषण आलं. मी जाणं बंद केलं. त्या संध्याकाळी दुकान बंद करायला बाहेर आलो तर पायरीवर चेंडू होता. ओला, मुरूम लागलेला, उसाचं एक पातं चिकटलेलं. दुसऱ्या संध्याकाळीही होता. तिसऱ्या संध्याकाळी तो आईच्या उंबऱ्याशी होता. तिने तो पायाने बाजूला केला आणि कुणाशी खेळतोस एवढंच विचारलं. जिजाजी, तेव्हा मी घाबरलो. दुकानाच्या पायरीपर्यंत ठीक होतं.

डाव संपवायला हवा होता. तुम्हीच एकदा म्हणाला होतात की टेनिसमध्ये दोघांनी जाळीवर हात मिळवल्याशिवाय खेळ संपत नाही. म्हणून संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी, सगळे घरोघर क्षमा मागत फिरत होते तेव्हा, मी कॉलनीवर गेलो. जाळीशी उभा राहिलो. कळत नकळत काही चुकलं असेल तर मिच्छामि दुक्कडम् म्हणालो आणि हात जाळीपलीकडे धरला. उघड्या हातात काय येईल ते बघायची तयारी नव्हती. आपल्या बैलबाजारात दलाल टॉवेलाखाली हात घालून सौदा करतात, जितकी बोटं धरली तितका आकडा, बघणाऱ्याला काही कळत नाही. तसा मी हातावर टॉवेल टाकला आणि मान वळवली.

उसात पाचट वाजलं. मग मुरमावर पावलं. टॉवेलाखाली गार हाताने माझी दोन बोटं धरली, घट्ट दाबली आणि सोडली. बैलबाजारात वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मी होकाराची मान हलवून बसलो होतो. सौदा झाला होता.

धर्माजी रुळावरून बघत होता. किती, म्हणून त्याने विचारलं. मी दोन म्हणालो.

"दोनच? लई स्वस्तात सुटला, शेठ," तो म्हणाला. मग उसाकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "सायेबांची तात कवाच तुटलीया. पावसात ऱ्हात न्हाई ती."

अलीकडे तिकडून ठण असा आवाज येत नव्हता, फुटक्या मडक्यासारखा येत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

असो. ताईला नमस्कार. पोरांना आशीर्वाद. खोकल्यावर अडुळसा घ्या.

तुमचा,
पारस

ता. क. रॅकेट दोन पाठवा. माझी पद्धत मला अजून कळलेली नाही, तेव्हा मोठ्या तोंडाची कुठलीही चालेल. समोरच्यांची नीट कळवतो. डावरे आहेत. टप्प्यानंतर चेंडू माझ्या डाव्या हाताकडे वळवतात. जोर लावत नाहीत, कोपरा शोधतात. घाई नाही. तोंड लहान, वजन हलकं. मूठ बारीक द्या, बोटांना मांस कमी वाटलं.

आणखी एक. तारा दोन्हींना नायलॉनच्याच घाला. त्यांचा धर्म मी विचारलेला नाही, पण रॅकेट आपल्या घरातून जाणार आहे. शिवाय त्या पावसात टिकतात.

आणखी एक. चेंडू पाठवू नका. येतात.