साहेबांच्या दोन काठ्या

३ जानेवारी १९५९, शनिवार. जामसंडे

आज पुन्हा तेच! दारात पाऊल टाकलं आणि येसू सुगंधाच्या लुगड्यामागे. "आये, तो इलो!" — तो! तीन वर्षांची पोटची पोर, आणि बापाला 'तो' म्हणते.

सुगंधा म्हणाली, "अवो, आठवड्यान एकदा तोंड दाखयतास, ता तरी काय करतला?" खरंच आहे. सहा दिवस कसालला रस्ते खात्याच्या कचेरीत खडी-डांबराचे कागद रंगवायचे, सातव्या दिवशी इथे पाहुणा. सगळ्यांना तिकडे न्यावं तर आई अंथरुणाला खिळलेली.

मार्चअखेर देवगडच्या कचेरीतले कारकून निवृत्त होतायत. ती जागा मिळाली तर घरचं जेवून चालत कामावर! अर्ज महिनाभर साहेबांच्या टेबलावर झोपलाय.

६ जानेवारी, मंगळवार. कसाल

साहेब दौऱ्यावर आले. बदलीचं बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "पारकर, तुम्ही समुद्राकडचे. मासे धरायच्या काठ्यांतलं कळतं ना?"

"हो साहेब."

हो साहेब!! जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला तर लाजही नाही. वाण्याच्या घरात जन्मलेला मी. माशाची आणि माझी भेट फक्त ताटात.

मुंबईचा कोणी इंग्रज गाशा गुंडाळून विलायतेला निघालाय. त्याच्या दोन काठ्या साहेबांकडे आल्यात — एक ठेवायची, एक परत. पहिली बांबूच्या बारीक पट्ट्या चिकटवून केलेली, मधाच्या रंगाची. दुसरी काचेच्या धाग्यांची म्हणे! (मी ती जपून टेबलावर ठेवली, फुटेल म्हणून. साहेब हसले.) "अॅक्शन आणि पॉवर बघा आणि लेखी कळवा," असा हुकूम. बोलताना बांबूच्या काठीवरून हात असा फिरवत होते की त्यांचं मन कुठे बसलंय ते शिपायालाही कळलं.

७ जानेवारी

अॅक्शन मला नाटकातली ठाऊक. पॉवर चष्म्याची. झालं!

१० जानेवारी, शनिवार

काठ्या घेऊन एस.टी.त चढलो. कंडक्टर म्हणाला, "ह्येंका हाफ तिकीट काढूचा लागतला." सगळी गाडी हसली. मीही हसलो, काय करणार!

११ जानेवारी, रविवार. जामसंडे

शेजारच्या भिकाजीला बोलावलं. चाळीस वर्षं खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या कातळावर, बसून गरी टाकणारा माणूस. त्याच्यासमोर मी ऐटीत दोन्ही काठ्या हवेत सपासप हलवल्या. दुकानात गिऱ्हाइकं हलवतात तशा.

"वारो गरवतास काय?" भिकाजी म्हणाला.

मी वारा गळाला लावत होतो म्हणे! काठ्या खाली ठेवल्या.

मग त्याने दोरी मागितली, नारळ मागितले. काठी मी आडवी धरायची, टोकाला दोरीने नारळ बांधायचे. "आदी बघा, खंय वाकता. मगे बघा, कितक्यान वाकता." एवढंच! कुठे वाकते ती अॅक्शन, किती ओझ्याने वाकते ती पॉवर. दोन वेगळ्या गोष्टी! मी दोन्हींचा मिळून 'ताठपणा' असा अर्थ लावून बसलो होतो.

तीन नारळांना बांबूची काठी टोकापासून माझ्या मनगटापर्यंत वाकली. काय डौल! मी "वा!" म्हणालो. काचेच्या काठीचं तेवढ्याच नारळांना नुसतं शेंड्याकडचं टोक वाकलं, खाली हूं की चूं नाही. बाक खालपर्यंत यायला सहा नारळ लागले. "गोबरो गरयेक लागलो की सरळ दगडाच्या बिळात घुसता," भिकाजी म्हणाला. (गोबरा म्हणजे खडपातला दांडगा मासा.) "ह्या बांबवार मासो खेळतलो. त्या काचयेर मासो भायर येतलो."

पण त्याचं समाधान होईना. "नारळ नुसतो लोंबता. मासो ओढता. कोणीतरी ओढूक होया." सुगंधा आईला पेज भरवत होती. मी इकडेतिकडे बघतोय तोच दाराआडून गूळ चाटत येसू आली. दोरीचं टोक दोन्ही मुठींत धरलं आणि सुटली अंगणभर! शेंडा वाकला, ती मागे वळून बघतेय, खिदळतेय. "आजून! आजून!" भिकाजी ओरडतोय, "काठी वर धरा, वर!" आणि मला धड दिसेना. रडत होतो, दुसरं काय! रोजनिशीत कसली लाज?

एक तास माझी पोर मासा झाली होती. साहेबांच्या विलायती काठीला गुळाचे हात लागले ते पुसायला अर्धा तास गेला.

१३ जानेवारी, मंगळवार. कसाल

अहवाल लिहायला बसलो. साहेबांना बांबूची हवी. 'बांबूची उत्तम' असं लिहिलं तर साहेब खूश, अर्ज हलेल. अकरा वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या मनाविरुद्ध मी स्वल्पविरामसुद्धा दिलेला नाही. पण निघताना सुगंधा म्हणाली होती, "खोटां लिवन घराक येव नकात. खरां ता लिवा."

लिहिलं. 'काचेची ठेवावी. बांबूची दिसायला सुरेख, पण खडपावरून मोठा मासा काढण्यास अपुरी.' सही केली, पाकीट चिकटवलं, पुन्हा फोडून वाचलं. पाठवलं तरी!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन कचेरीत सगळे गोड बोलले. साहेबांकडून एक शब्द नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. देवगड

साहेब आले — काचेची काठी घेऊन! मी मागे आमिषाचा डबा धरून उभा. खडपावर घसरून दोनदा बसलो, दोन्ही वेळा मुद्दाम बसल्यासारखं दाखवलं. भरतीला गोबरा लागला आणि बिळाकडे धावला. साहेबांनी काठी उचलली, शेंडा पाण्यात गेला, पण खालचा भाग हलला नाही. आठ शेरांचा मासा बाहेर! साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली, डबा समुद्रात. "सगळे मला बांबूची घ्या म्हणत होते, पारकर. खरं सांगणारे तुम्ही एकटे!"

हीच वेळ. म्हटलं, "साहेब, माझ्या बदलीचं मनावर घ्या."

"घेतलं!"

१५ फेब्रुवारी, रविवार

काल येसू सुगंधाबरोबर एस.टी.च्या थांब्यावर आली होती. लांबूनच ओरडली, "बाबा इलो!"

१७ मार्च, मंगळवार. कसाल

बदलीचा हुकूम आला. साहेब घाटावर चाललेत, नव्या धरणावर, आणि त्यांनी एक कारकून मुद्दाम नाव घालून मागून घेतलाय. देवगडला दुसराच कोणी येतोय. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं. तिथे सध्या तंबू आहेत, बिऱ्हाड नेता येणार नाही. "पण धरण भरलं की काय मासे होतील, पारकर! चारच वर्षं."

चार वर्षांनी येसू सात वर्षांची असेल.