बाबांच्या डोळ्यांविषयी

आंबोन बंदर

आई, तुला सलाम.

आम्ही तिघेही काल सुखरूप पोचलो. बाबा ठणठणीत आहेत. तू कंद किसून, वाफवून दिलेली कासुआमी नऊ दिवस पुरली. शेवटचा तुकडा ऊदाकाकांनी न विचारताच गट्ट केला. धाकटीचा ताप उतरला का?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सहाव्या दिवशी भर दुपारी बाबा सुकाणूवर होते आणि मी फाटलेलं शीड शिवत होतो. सहज मान वर केली, तर समोर जरा उजवीकडे खडकावर लाटा फुटत होत्या. मी ओरडलो, "बाबा, खडक!" त्यांनी गलबत वळवलं, पण नेमकं खडकाकडेच. मी धावत जाऊन त्यांच्या हातातून सुकाणू ओढून घेतलं. थोडक्यात वाचलो.

काका भडकले. "दादा, एवढा मोठा खडक दिसला नाही?"

बाबा सुकाणूपासून बाजूला सरकून बसले. मग म्हणाले, "दोन वर्षं झाली. नुसत्या वाऱ्यावर आणि पाण्याच्या आवाजावर चालवतोय."

तेव्हापासून सुकाणू माझ्याकडे आहे. बाबा शेजारी बसून गालावर वारा घेतात आणि सांगतात, "जरा डावीकडे." रस्ता कुठेच चुकला नाही.

तुला हे ठाऊक होतं ना? म्हणूनच मला हट्टानं पाठवलंस?

तुला कळवायचं नाही, अशी त्यांची ताकीद आहे. आत्ता ते शेजारीच बसलेत. मघाशी विचारलं, "काय लिहितोस?"

"सगळे सुखरूप आहेत, एवढंच."

"मग पेन इतका वेळ का वाजतंय?"

तुझा,
बानी