लाल उजेडाआधीचा निरो

२८ मार्च, पेडणे
ह्यांना सुई दिली. जिभेच्या कडेची गाठ लहान, म्हणून कापण्याआधी हा उपाय. औषध गाठीत साचतं, चार दिवसांनी लाल उजेड टाकला की तिथला प्राणवायू खवळतो, गाठ आतून जळते. तोवर ऊन नको. आवळा, लिंबू, व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद. असल्या गोष्टींनी ते जळणं विझतं म्हणे. नाही साधलं तर अर्धी जीभ काढणार.
ऊन आत येऊ नये म्हणून जनेलांना चादरी लावल्या. लिंबाचं लोणचं शेजारी देऊन टाकलं.

३० मार्च
काजू ऐन भरात आणि बागायतीत जायचं नाही, म्हणून काळोखात बसून माझं डोकं खातात. भावोजी आजही कळशी घेऊन आले. "वयनी, दादाक निरो हाडलो." काजूची बोंडं चिरडून, वर दगड ठेवून रात्रभर गळलेला रस, अगदी नितळ. दोन पेले ओतून दिले. चेहरा खुलला.

१ एप्रिल
उजेड टाकला. जीभ सुजली, बोलणं बंद. घरात करमेना.

९ एप्रिल
तपासणी. डॉक्टर साखळी गावचे, गप्पिष्ट. "यंदा निरो मिळाला की नाही?" हे खुशीत, "मेळलो तर! उजेडाआधी रोज दोन पेले."
डॉक्टर म्हणाले, आवळ्यात जे असतं तेच बोंडात, भरपूर. फरक पडला असेल, नसेलही. जखम भरली की तुकडा काढून बघू.
गोळ्या लपवल्या, लोणचं वाटलं, आणि निरो माझ्याच हातांनी ओतला. कप्पाळ माझं!
बसमध्ये हे, "अगो, निरो म्हणजे आवळो असता, ह्या माका तरी खंय सुचला?" थोड्या वेळाने, "भावाक सांगू नको हां. जल्मात परत गाळूचो नाय तो."

१७ एप्रिल
भावोजींनी विचारलं. बरं आहे म्हटलं. राग येतो. कुणाचा ते कळत नाही.

२६ मे
तुकड्याचा रिपोर्ट आज. गाठ उरली असेल तर अर्धी जीभ जाणार. पेडण्याहून निघाल्यापासून ह्यांची टकळी चालू. ड्रायव्हर, काजूचा भाव, कुणाचा तरी पळालेला बैल. एरवी दोनदा तरी गप्प करते. आज नाही.
नाव पुकारलं तेव्हा बैल अर्ध्या वाटेवर होता. हे उठायला लागले. हात धरून बसवलं, म्हटलं, आधी पुरं सांगा. सांगूनच आत गेले. मला मागाहून बोलावणार. बाकावर बसून लिहितेय.
दार बंद. डॉक्टरांचं काही ऐकू येत नाही, ह्यांचाच आवाज. बोलू देत.